हजेरीपटावर नसलेली माणसे



कृष्णाकाठच्या या सांगली जिल्ह्यात आपणां सर्वांचे स्वागत करण्याचा मान समितीने मजकडे सोपविला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. कामाच्या ठिकाणी सर्वांस सन्मानाने प्रवेश असावा, हा परिषदेचा विषय ऐकताच पुष्कळांच्या मुद्रेवर धर्मादाय सभेचा भाव उमटतो. मला मात्र तो निखळ जमाखर्चाचा विषय वाटतो.

मुंबईच्या गिरण्यांत विणकराला धोट्यातील कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि त्यात विटाळ मानून अस्पृश्य कामगारांस त्या अधिक मजुरीच्या खात्याबाहेर ठेवले जाई. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय वेशीवर टांगला. परंतु न्यायाची बाजू क्षणभर दूर ठेवली, तरी कसबाऐवजी जात पाहून माणूस नेमणारा मालक आपल्याच निवडीचे क्षेत्र आखूड करून घेतो. आणि हे नुकसान ताळेबंदात दिसत नाही, कारण जो रुजूच झाला नाही, त्याचे न झालेले काम कोणत्या रकान्यात मांडावे?

उलट दाखला अगदी शेजारचा आहे. १९१० साली औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या कारखान्यासाठी किर्लोस्करवाडी वसविली, तेथे अस्पृश्यतेस मज्जाव केला आणि शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांस रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. (हा प्रस्ताव आजच्या एखाद्या नेमणूक समितीपुढे आला असता, तर त्याचा कागद कोणाच्या दप्तरी पडून राहिला असता, हे मी सांगत नाही!) निवडुंगाने भरलेल्या त्या ओसाड जागी माणूस टिकविणे हीच कारखान्याची पहिली गरज होती, आणि जेथे त्याला कोणी त्याची पायरी दाखवीत नाही तेथेच माणूस टिकतो, असे माझे मत आहे.

स्त्रियांच्या बाबतीतही हाच हिशेब चुकतो. प्रसूतिलाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची प्रसूतिरजा आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आले, तेव्हा खर्चाची कुरकूर झाली. पण कामात मुरलेली बाई नोकरी सोडून गेल्यावर नवख्याच्या शिकवणुकीत जाणारे महिने त्या कुरकुरीत कोणी धरले नाहीत.

म्हणून माझी एकच विनंती आहे : प्रतिनिधींनी उदात्त ठरावांपेक्षा आपापल्या कारखान्यातील नेमणुकांचे, राजीनाम्यांचे आणि बढत्यांचे आकडे येथे निःसंकोच मांडावेत. राहण्याजेवण्याच्या व्यवस्थेत न्यून आढळल्यास ते समितीच्या कानी घालावे. आता अध्यक्षमहाराजांनी स्थानापन्न होऊन कामकाजास प्रारंभ करावा, अशी मी त्यांस विनंती करतो.