मशीन आधी शागिर्दाला काढतं

(नांदेड आणि लातूर इथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)



ऑटोमेशनमुळे सुतारकाम संपेल का, या विषयावर बोलायला मला सांगितलं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून मला भविष्य ठाऊक असेल असं आयोजकांना वाटलं असावं. तसं काही नाही. पण माझे मामू सुतार आहेत. नांदेडला देगलूर नाक्याकडे त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. मामेभाऊ बारावीनंतर तिथेच बसला. दोन वर्षांपूर्वी ईदला मामूंनी मला सरळ विचारलं, "क्या रे, तेरा कंप्युटर मेरी रोटी खाता क्या?" मी तेव्हा हसून टाळलं. आज जे बोलतोय ते त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी आकडे बघू. 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑसबर्न या दोन संशोधकांनी अमेरिकेतले 702 व्यवसाय घेतले आणि प्रत्येकाचं काम मशीनकडे जाण्याची शक्यता काढली. सुताराला त्यांनी 72 टक्के दिले. कपाटं-फर्निचर बनवणाऱ्या कारागिराला 92 टक्के. ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला, म्हणजे माझ्यासारख्याला, फक्त 4. तीन वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी ओईसीडी देशांसाठी हाच हिशोब वेगळ्या पद्धतीने केला. अख्खा व्यवसाय न धरता माणूस दिवसभरात कोणकोणती कामं करतो ते पाहिलं, तर धोक्यातल्या नोकऱ्या 9 टक्क्यांवर आल्या. पहिल्यांचा एकूण आकडा 47 होता. एवढा फरक पडतो, कारण "सुतारकाम" नावाचं एक काम नसतंच. माप घेणं, लाकूड निवडणं, कापणं, रंधा मारणं, खाच पाडणं, जोडणं, घासणं, पॉलिश, घरी नेऊन बसवणं, आणि शेवटी गिऱ्हाईकाकडून पैसे काढणं. शेवटचं काम कुठलंही मशीन करेल असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे सुताराचं काम काही पहिल्यांदाच जात नाहीये. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. जाड दगड-मातीच्या भिंती, आत लाकडी खांब, तुळया, वर मातीचा थर. घर किती मोठं, हे किती खणांचं त्यावरून सांगायचे. किनवट-माहूरच्या बाजूला सागवान होतं आणि ते घडवणारे हात गावोगाव होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं त्या भिंतींखाली आणि मातीच्या ओझ्याखाली गेली. नंतर गावं वसली ती काँक्रीटची. लोकांच्या मनात दगड-मातीच्या घराची भीती बसली, आणि ते बरोबरच होतं. पण खांब-तुळईचं कामही त्यासोबत आटलं. तिथे कुठलाही रोबोट आला नव्हता. घर बदललं, म्हणून काम बदललं. मग प्लायवूड आलं, सनमायका आला, एमडीएफ आलं, आणि सुतार "फर्निचरवाला" झाला.

आता मशीनकडे येऊ. कॉम्प्युटरच्या आकड्यांवर चालणारं कटिंग नवं नाही. अमेरिकेत एमआयटीने तसं पहिलं मशीन 1952 मध्ये दाखवलं. नवं काय, तर ते आता आपल्या गल्लीत आलंय. मशिदीच्या खिडकीची जाळी असो, देव्हाऱ्याची कमान असो किंवा भिंतीवर लावायची कॅलिग्राफी, फाईल द्या आणि दुपारी घेऊन जा.

मामूंना लातूरच्या एका अभ्यासिकेची ऑर्डर मिळाली. लातूर पॅटर्नमुळे तिकडे बाहेरगावची पोरं किती येतात ते तुम्हाला माहीत आहे. त्या प्रत्येक पोराला एक टेबल, वर एक खण आणि बाजूला आडोसा लागतो. साठ टेबलं, सगळी एकसारखी. मशीनला असंच काम आवडतं. मामूंनी 8 बाय 4 चे प्लाय थेट कटिंगच्या दुकानात पाठवले. एरवी चार पोरं महिनाभर लागली असती. या वेळी दोन पोरं, दहा दिवस. त्यांनी स्क्रू मारले आणि कडेला पट्टी चिकटवली.

त्याच वर्षीचा दुसरा किस्सा. नांदेडच्या जुन्या वस्तीतल्या एका घरात बाहेरून तयार मॉड्युलर किचन आलं. कंपनीचं नाव घेत नाही. कपाटं अगदी काटकोनात होती, पण भिंत तशी नव्हती. खाली चिकटली तर वर दोन बोटं फट. फिटिंगवाली पोरं तासभर ऑफिसला फोन करत होती. शेवटी मामूंना बोलावलं. त्यांनी ओळंबा सोडला, पाणसळ लावली, भिंतीचा बाक एका पट्टीवर उतरवला, पट्टी त्या आकारात तासली आणि फट बंद केली. अर्ध्या तासाचं काम. हान्स मोरावेक नावाच्या रोबोटवाल्याने 1988 मध्येच लिहून ठेवलंय की माणसाला अवघड वाटणारं गणित मशीनला सोपं जातं, आणि लहान पोराला सहज जमणारं चालणं, पकडणं, ओळखणं मशीनला फार जड जातं. आपल्या भिंती जोवर वाकड्या आहेत, तोवर मामूंची रोटी शाबूत आहे.

मग प्रश्न सुटला का? मलाही तसंच वाटलं होतं. मामूंनी माझी चूक दाखवली. म्हणाले, "मेरा छोड़, इन छोकरों का बोल." ती दोन पोरं दोन वर्षं त्यांच्याकडे होती. स्क्रू छान मारतात. पण पटाशीला धार लावता येत नाही. लाकडाच्या रेषा कुठे फिरतात आणि रंधा कुठून मारायचा, ते कळत नाही. कारण ते शिकायची जागा म्हणजे करवत आणि रंधा, आणि ते काम तर आता दुकानात जातं. मामू स्वतः तीन वर्षं नुसतं कापत आणि घासत होते. उस्ताद काही "शिकवत" नव्हता. कापता कापता हात शिकत होता, आणि त्या कापण्याचे थोडेफार पैसेही मिळत होते.

मशीन उस्तादाला काढत नाही. ते शागिर्दाचं काम काढून घेतं. वीस वर्षांनी वाकड्या भिंतीवर पट्टी बसवायला उस्ताद कुठून येणार?

आणि हे फक्त लाकडाचं नाही. मला 4 टक्के दिले होते ना? माझ्या टीममध्ये नव्या पोराला जी छोटी कामं द्यायचो, टेस्ट लिही, ही चूक शोध, ती आता एआयकडून करून घेतो. मीसुद्धा त्याच कामांतून शिकलो होतो. म्हणून "सुतारकाम सोड, कॉम्प्युटर शिक" हा सल्ला मी मामेभावाला देऊ शकत नाही. पूर्वी दिला असता, तोही थोडा वरच्या आवाजात.

इथे एक कडू गोष्ट बोलतो. हजरत जकरिया अलैहिस्सलाम सुतार होते, हे आपण बयानात ऐकतो. आणि लग्नाच्या बायोडेटात "सुतारकाम" लिहायची वेळ आली की "इंटेरियर बिझनेस" लिहितो. 2006 चा सच्चर समितीचा अहवाल सांगतो की मुस्लिमांमध्ये स्वतःचा धंदा, कारागिरी करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. म्हणजे ही लाट आपल्याच घरांवर आधी येते. पिंजाऱ्यांचं काय झालं ते आठवा. माझ्या लहानपणी गल्लीत पिंजायच्या कमानीच्या तारेचा आवाज यायचा. मग पिंजायचं मशीन आलं, मग फोमच्या गाद्या. ज्यांनी मशीन घेतलं त्यांची दुकानं राहिली. बाकीचे हमालीला किंवा हातगाडीवर गेले. हुनर दोघांकडे सारखंच होतं, फरक मशीन कोणाचं याचा होता.

म्हणून मामेभावाला मी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, ड्रॉइंग शीक. फ्रीकॅड फुकट आहे. फाईल तू बनवलीस तर कटिंगवाला तुझ्यासाठी काम करतो. फाईल त्याची असेल तर तू त्याचा फिटर. बहिणींनो, हे तुमच्यासाठीही आहे. "वजन उचलावं लागतं" म्हणून वर्कशॉपचं दार तुम्हाला बंद होतं. माप आणि ड्रॉइंगला वजन नसतं. माझी मामेबहीण भावापेक्षा लवकर शिकली, आणि आता घरात त्यावरून रोज भांडण आहे.

दुसरी, मशीन एकट्याने घेऊ नको. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. 18 धंद्यांत सुतारही आहे. हत्यारांसाठी 15,000 रुपये, प्रशिक्षणात रोज 500, आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाख, तो फेडला की दोन लाख. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर होते. योजनेची जाहिरात करायला मी आलेलो नाही. पहिल्या एक लाखात मोठा राउटर येत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण चार-पाच वर्कशॉपवाले एकत्र आले तर येऊ शकतो. मामू म्हणतात, आपल्यात चार जण एकत्र आले की चार जमाती होतात. मी अजून प्रयत्न करतोय.

राहिला शागिर्दाचा प्रश्न. मामूंनी गेल्या वर्षी एक सुरू केलं. आठवड्यातला एक दिवस मशीनचं काम नाही. पोरं हाताने रेहल बनवतात. कुरआन ठेवायची ही घडी तुम्ही रोज बघता, पण नीट पाहिलंत तर ती एकाच फळीची असते. बिजागरी नाही, खिळा नाही. फळी दोन्ही टोकांकडून जाडीत चिरायची आणि मधले दात एकमेकांत अडकलेले ठेवून मोकळे करायचे. एक दात तुटला की फळी वाया. पहिल्या पाच-सहा तुटल्या. त्या वर्कशॉपमध्ये रांगेने टांगून ठेवल्या आहेत.

पण त्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची? आत्ता मामू अर्धी देतात आणि अर्धी पोरं सोडतात. एका पोराच्या अब्बांनी त्यामुळेच त्याला काढून मोबाईलच्या दुकानात लावलं, आणि मी त्यांना दोष देऊ शकलो नाही. गिऱ्हाईक यासाठी पैसे देत नाही, योजनेत हे बसत नाही. जमातीच्या फंडातून द्यावं का, जकातीतून चालेल का, यावर आमच्या घरात तीन मतं आहेत. तुमच्याकडे चौथं असेल तर चहाच्या वेळी मला गाठा.