अपंगांचा हक्क आणि वकिलाची साथ
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला चार शब्द बोलायला सांगितले. भन्तेजी समोर बसलेले असताना धम्मावर आम्ही काय बोलावं? आम्ही गिरणीतली माणसं. शाळा सातवीत सुटली आणि पुढचं शिक्षण युनियनच्या कचेरीत नि कोर्टाच्या व्हरांड्यात झालं. तिथं जे शिकलो तेच आज सांगतो. विषय आहे, अपंगत्वाच्या सरकारी मदतीसाठी अर्ज कसा करावा आणि त्यात वकिलाची साथ का घ्यावी.

सरकारी कागदावर आता ‘दिव्यांग’ असा शब्द आहे. शब्द बदलला, पण आपल्या घरातली लाज काही गेली नाही. मुलगा जन्मतः अपंग असला की अजून आपल्यातलीच बाई म्हणते, मागच्या जन्माचं फळ असेल. बंधू-भगिनींनो, पूर्वजन्मीच्या पापाची ही कल्पना बाबासाहेबांनी साफ नाकारली. गिरणीच्या पट्ट्यात बोट गेलं ते पापामुळं गेलं नाही, पट्ट्यावर जाळी नव्हती म्हणून गेलं. आणि जे पाप नाही त्यापोटी मिळणारी मदत ही भीकही नाही. भारतीय संविधानाचा अनुच्छेद 41 उघडून वाचा. बेकारी, म्हातारपण, आजार आणि अपंगत्व यांत सार्वजनिक मदत मिळावी अशी तरतूद राज्याने करावी, असं तिथं लिहिलेलं आहे.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. अडारकर यांनी कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल तयार करून 1944 साली सरकारला दिला. त्यातून पुढं 1948 चा कामगार राज्य विमा कायदा झाला. म्हणजे आपण ज्या खिडकीपुढं हात जोडून उभे राहतो, त्या खिडकीमागच्या कायद्याचा पाया बाबासाहेबांच्या कारकिर्दीत घातला गेला. तिथं हात जोडू नका, कागद पुढं करा.

आता मुद्द्यावर येतो. अपंगत्वाच्या मदतीला एक दार नाही, वेगवेगळी दारं आहेत. चुकीच्या दारावर लोक वर्षानुवर्षं उभे राहतात. हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

पहिलं दार कामगार विम्याचं. कामावर अपघात झाला किंवा कामामुळं आजार जडला, तर ते इथं येतं. इथं टक्के मोजतात ते कमाईची ताकद किती गेली याचे. एका हाताची दोन बोटं गेली तर 20 टक्के, तीन गेली तर 30 टक्के, अंगठा गेला तर 30 टक्के, असा तक्ता कायद्यातच आहे. इथं चाळीस टक्क्यांची अट नाही. वीस टक्के ठरले तरी कायमच्या अपंगत्वाचा लाभ हयातभर मिळतो.

दुसरं दार दिव्यांग प्रमाणपत्राचं, म्हणजे यूडीआयडी कार्डाचं. हे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली येतं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, आता एकवीस आहेत. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल बराच आढळतो, तोही यात आला. मानसिक आजार आला, पार्किन्सन आला. इथं बहुतेक सवलतींना निदान 40 टक्के लागतात.

तिसरं दार तहसील कचेरीचं, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं. ही योजना 1980 पासून आहे. अनुदान 2023 मध्ये महिना 1500 रुपये झालं आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी ते 2500 करण्याचा निर्णय सरकारने घेतला. यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासाचा पुरावा लागतो.

दार ओळखणं किती महत्त्वाचं आहे ते बघा. कार्डिंगला, ब्लो रूमला काम केलेल्यांना ठाऊक आहे, सुट्टी संपून सोमवारी खात्यात पाऊल टाकलं की छाती आवळल्यासारखी व्हायची. कापसाच्या धुळीचा हा आजार, डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. एकवीस प्रकारांच्या यादीत छातीचा हा आजार नाही. पण कामगार विम्याच्या कायद्यात धंद्यामुळं होणाऱ्या आजारांची जी यादी आहे, तिच्यात तो आहे. म्हणजे दम लागणारा माणूस यूडीआयडी कार्डासाठी खेटे घालील तर रिकाम्या हाती परत येईल. त्यानं पहिलं दार ठोठवायला हवं आणि त्यासाठी नोकरीचे, खात्याचे कागद जपायला हवेत. 1948 चा कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. त्यामुळं आमच्यासारख्या जुन्या कलमं पाठ असणाऱ्यांनीही आता वकिलाला विचारूनच पाऊल टाकावं.

वकील नेमकं काय करतो ते दोन उदाहरणांनी सांगतो. नावं सांगत नाही.

आमच्याबरोबर काम करणाऱ्या एका भावाचा उजवा हात 1998 साली मशीनमध्ये गेला. दोन बोटं मुळापासून गेली, तिसरं राहिलं पण वाकेना. वैद्यकीय मंडळाने 20 टक्के ठरवले. भाऊ म्हणाला, “डॉक्टर लोकांनी लिहिलं, आता काय बोलायचं?” युनियनने वकील गाठून दिला. वकिलाने ना आरडाओरडा केला, ना कुणाची ओळख काढली. त्यानं कागद वाचले. दवाखान्यातून सुटताना दिलेल्या कार्डावर तिसऱ्या बोटाचा उल्लेखच नव्हता, म्हणून मंडळापुढं तो प्रश्न आलाच नाही. वकिलाने ऑपरेशनचे मूळ कागद मागवले, नव्याने तपासणी करून घेतली आणि मुदतीत अपील लावलं. वीसचे अठ्ठावीस टक्के झाले. आठ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण ते दर महिन्याला, हयातभर. त्या पैशावर त्याच्या मुलीची कॉलेजची फी निघाली.

दुसरी गोष्ट आपल्याच वस्तीतल्या एका मावशीची. साखरेच्या आजारात पाय काढावा लागला. प्रमाणपत्र व्यवस्थित होतं, तरी अनुदानाचा अर्ज परत आला. कचेरीत तोंडी सांगितलं, “बसत नाही.” का बसत नाही, ते कुणी सांगेना. दारातला एक दलाल पाच हजारांत काम करून देतो म्हणाला. मावशीने मंगळसूत्र मोडायचं ठरवलं होतं. आम्ही त्यांना विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंकडं नेलं. बाईंनी पहिलं काम सांगितलं, नामंजुरीचं कारण लेखी मागा. लेखी आलं तेव्हा कळलं की वेगळा राहणाऱ्या, वेगळं रेशन कार्ड असलेल्या मुलाचा पगार मावशीच्या उत्पन्नात धरला होता. प्रतिज्ञापत्र केलं, उत्पन्नाचा दाखला नव्याने काढला, पुन्हा अर्ज केला. आठ महिने गेले, पण अनुदान सुरू झालं. मंगळसूत्र आजही मावशींच्या गळ्यात आहे.

आता तुम्ही म्हणाल, वकिलाला पैसे कुठून आणायचे? मित्रहो, हाच आजचा खरा मुद्दा आहे. अनुच्छेद 39-अ प्रमाणे गरिबाला मोफत कायदेशीर मदत देणं हे राज्याचं काम आहे. त्यासाठी 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या बाराव्या कलमात कुणाकुणाला मोफत वकील मिळतो ते लिहिलं आहे. अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री, अपंग व्यक्ती, कारखान्यातला कामगार. यांना उत्पन्नाची अट नाही! आणि 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरलं गेलं. म्हणजे या विहारात बसलेल्यांपैकी क्वचितच कुणी या कलमाबाहेर असेल. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाची कचेरी असते, तालुक्याला समिती असते. 15100 या क्रमांकावर फोन लावला तरी वाट दाखवतात. जातीचा दाखला आणि अपंगत्वाचा कागद बरोबर न्या.

वकिलाकडून काय मागू नये तेही सांगतो. वकील टक्के वाढवून आणत नाही, तो फक्त खरे टक्के कागदावर आणतो. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा मागायला वकिलाला वकिलीच्या नियमांनी मनाई आहे. कुणी “अर्धे तुमचे, अर्धे आमचे” म्हणाला तर तिथून उठा. आणि खोटं प्रमाणपत्र काढून देणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. शिवाय एका खोट्या प्रमाणपत्रामुळं दहा खऱ्यांकडं संशयाने पाहिलं जातं.

म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवा. कामावर अपघात झाला तर त्याच दिवशी नोंद करायला लावा. दवाखान्याचा प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपा, झेरॉक्स वेगळी ठेवा. अर्ज दिला की पोच घ्या आणि नकार आला तर तो लेखी, कारणासह मागा. टक्के कमी वाटले तर गप्प बसू नका, 2016 च्या कायद्यातही अपिलाची सोय आहे. पण अपिलाची मुदत थांबत नाही, म्हणून नकार हातात पडला की त्याच आठवड्यात वकील गाठा.

बाबासाहेबांनी 1923 पासून मुंबई हायकोर्टात वकिली केली. आज आपल्या वस्त्यांत काळा कोट घातलेली मुलं-मुली आहेत. त्यांना आमची विनंती आहे, महिन्यातला एक रविवार विहाराला द्या. आम्ही काही जण दर रविवारी वंदनेनंतर इथं मागच्या खोलीत बसतो. ज्यांच्या घरी अर्ज अडला असेल त्यांनी लाज न बाळगता कागद घेऊन यावं. ज्यांना चालता येत नाही त्यांनी निरोप धाडावा, आम्ही घरी येऊ.



नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!