नियम कागदावर नको, सांध्यात हवा

लायब्ररी म्हटले की ठाणेकरांना १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आठवते. आम्हा संगणकवाल्यांची लायब्ररी वेगळी. दुसऱ्याने लिहून ठेवलेला आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये आयता वापरता येणारा कोड म्हणजे लायब्ररी. दिवाळीला आपण चकलीची भाजणी दुकानातून आणतो, तसेच हे. भाजणी दुकानदाराची; पण त्यातली डाळ कुठून आली, हे त्यालाही ठाऊक असेलच असे नाही.

आपण एक लायब्ररी मागवतो, ती आणखी चार घेऊन येते, त्या चार आणखी दहा. हे सारे गोळा करून प्रोग्रॅम तयार करण्याला ‘बिल्ड’ म्हणतात. एकच लायब्ररी दोन वाटांनी, दोन आवृत्त्यांत आली, तर जावावाल्यांचे मेव्हन हे साधन त्या झाडात जवळ असेल ती आवृत्ती मुकाट्याने उचलते. मग ती जुनी का असेना!

कोणत्या लायब्ररी चालतील, याचे नियम आमच्याकडे होते. मीच लिहिले होते. कागद फाइलला लागला होता.

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीतील भगदाड जगजाहीर झाले. नोंदीत विशिष्ट मजकूर घुसवला की परक्या माणसाला तुमच्या यंत्रावर हवा तो कोड चालवता येत होता. त्या शनिवारी मी डोंबिवलीला घरीच होतो. ग्राहकाचा फोन आला, ‘तुमच्यात ती आहे का?’ मी आमची यादी पाहिली. नाव नव्हते. ‘आपण सुरक्षित आहोत,’ असे लेखी कळवूनही टाकले.

संध्याकाळी कल्याणच्या एका तरुण सहकाऱ्याचा फोन. ‘सर, मी अख्खं झाड काढून बघितलं. तिसऱ्या पायरीवर आहे ती.’ अहवाल छापणाऱ्या एका लायब्ररीच्या पाठोपाठ ती आत आली होती. मला ग्राहकाला पुन्हा फोन करून शब्द मागे घ्यावा लागला. पहिली दुरुस्तीही अपुरी निघाली; २.१५ नंतर २.१६, मग २.१७ त्याच महिन्यात आली. दर वेळी आम्ही एकेक प्रकल्प हाताने तपासत होतो. त्यातला एक राहून गेला, तो तीन आठवड्यांनी सापडला. नुकसान झाले नाही, हे नशीब!

कल्याणला कसाऱ्याची आणि कर्जतची वाट फुटते. तिथे सांधा नीट बसून कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. कोणाच्या स्मरणशक्तीवर ते सोडलेले नाही. आम्हीही तेच केले. मेव्हनला ‘एन्फोर्सर’ नावाची जोड आहे. अमुक लायब्ररी नको, आडवाटेने आली तरी नको. तमुक आवृत्तीच्या खालची नको. एकीच्या दोन आवृत्त्या नकोत, असे नियम बिल्डमध्येच लिहिता येतात. नियम मोडला की बिल्ड थांबते. सगळ्या प्रकल्पांचे नियम एकाच ठिकाणी ठेवले, की पुढच्या वेळी आकडाही एकाच ठिकाणी बदलायचा.

कुरकुर झालीच. शुक्रवारी संध्याकाळी काम द्यायचे असते आणि बिल्ड अडते. ‘आजच्यापुरता नियम बंद करू या,’ असे कोणीतरी म्हणतेच. म्हणून सवलत ठेवली. पण मागणाऱ्याचे नाव, कारण आणि मुदत लिहूनच. मुदत संपली की बिल्ड पुन्हा अडते. आणि अडल्यावर नुसते ‘चूक’ न म्हणता, काय वापरावे तेही संदेशात सांगायचे. नाहीतर माणसे पळवाटा शोधतात.

सर्ट-इन या आपल्या सरकारी संस्थेने २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. यादी हवीच. पण ती आत काय गेले ते सांगते. नको ते दाराशी अडवायला नियमच लागतो.

आमच्याकडचा पहिला नियम त्या कल्याणच्या मुलाने लिहिला. त्याने अडवलेले पहिले बिल्ड माझे होते!