इमारतीचा दर्जा कोणी ठरवायचा?

(पेठ येथील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



काल या तालुक्यातील एका निवासी शाळेत गेलो होतो. छताचा गिलावा सुटून सळई उघडी पडली होती. मुलांनी आपली अंथरुणे ठिबकणारी जागा सोडून भिंतीकडे सरकवली होती. मुलांनी इमारतीची पाहणी आपल्या परीने केली होती. शासनाने ती कधी केली, हे मात्र तेथे कोणालाच सांगता आले नाही.

शहरांत यासाठी व्यवस्था आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. २०१५ पासून धोकादायक इमारतींचे वर्गही ठरले आहेत: सी-१ म्हणजे तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, सी-२ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी, आणि सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजीची.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. जमिनीचा भाव वाढला की दुरुस्ती टाळणे मालकाच्या हिताचे ठरते आणि सी-१ चा शेरा प्रथम भाडेकरूलाच घराबाहेर काढतो. मुंबईत १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा होऊनही २०१७ साली भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली व तीसहून अधिक माणसे दगावली. तरीही तेथे निदान एक कागद असतो. त्याच्या आधारे भांडता येते. हे कलम महानगरपालिकांपुरते आहे. पेठला ते लागू नाही. पाऊस मात्र येथे सह्याद्रीचा आहे.

पाणी मुरले की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो व काँक्रीट फोडतो. आरंभी थोडक्या खर्चात भागणारे काम उशिरा पाडकामावर जाते. हे हिशेबी माणसाला कळते, अर्थसंकल्पाला कळत नाही. वर्षानुवर्षे नवे बांधकाम 'योजनांतर्गत' आणि देखभाल 'योजनेतर' मानली गेली. २०१७-१८ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पातून ही विभागणी गेली; वृत्ती गेलेली नाही. कोनशिला नव्या इमारतीला बसते, दुरुस्तीला नव्हे.

पेठ हा अनुसूचित क्षेत्रातील तालुका आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने सामाजिक क्षेत्रातील संस्थांवरील नियंत्रणात ग्रामसभेला स्थान दिले आहे. तेव्हा पावसाळा संपताच प्रत्येक शाळा, अंगणवाडी व आरोग्य उपकेंद्र पाहा. गळती, तडे, उघडी सळई यांची नोंद करा, ती ग्रामसभेत वाचा आणि अभियंत्याकडून तपासणीचा लेखी अहवाल मागा. अंतिम दर्जा तज्ज्ञाने ठरवावा; परंतु तो ठरवलाच पाहिजे, हे आपण ठरवायचे आहे.