विमान कोणाचे?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणगौरवप्रसंगी केलेले भाषण)



सत्कारमूर्तींचा परिचय करून देण्याचे काम कार्यवाहांनी मजकडे सोपविले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारा जन्म मराठी शाळेत गणित व व्याकरण शिकविण्यात गेला. कायदा आणि विमान या दोहोंशी माझा संबंध एवढाच की, पहिल्याची मला भीती वाटते आणि दुसऱ्यात मी आयुष्यात दोनदा बसलो आहे. तथापि सत्कारमूर्ती व मी इयत्ता पाचवीपासून एका बाकावर बसलो, हे नाते पुढे करून कार्यवाहांनी माझा नकार मोडून काढला. बाकावरच्या नात्याला जामीन लागत नाही. जामीन हा शब्द सहज तोंडी आला; त्याचे कारण पुढे येईलच.

आमचे हे वर्गबंधू मुंबईस गेले, तेथे त्यांनी कायद्याची पदवी घेतली आणि उमेदीची सर्व वर्षे कर्जव्यवहारांच्या वकिलीत घालविली. न्यायालयात उभे राहून साक्षीदाराला घाम फोडणारे वकील आपण सिनेमात पाहतो. तसले हे नव्हेत. बँकेने कारखान्याला कर्ज द्यावयाचे, जहाज तारण ठेवावयाचे, विमान भाड्याने घ्यावयाचे, अशा व्यवहारांचे शेकडो पानी करारनामे लिहिणे आणि त्यातील प्रत्येक ‘जर’ व ‘तर’ तोलून पाहणे हा त्यांचा व्यवसाय. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी विमानाच्या भाडेकराराचे एक प्रकरण हाती असता त्यांच्या मनात आले की, ज्या वस्तूचे कागद आपण लिहितो ती चालते कशी, हे एकदा पाहावे. झाले! रविवारी सकाळी इतर गृहस्थ मंडईत जातात, तसे हे विमान शिकावयास जाऊ लागले. चाळीस तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी हे सर्व सोपस्कार पुरे करून त्यांनी खासगी वैमानिकाचा परवाना मिळविला. घरच्या मंडळींचे त्या काळी यावर काय मत होते, ते वहिनी समोरच बसल्या आहेत, त्या सांगतील.

साठीनंतर वकिली सोडली, तेव्हा ते आता गावी येऊन आंब्याची कलमे लावतील असा माझा अंदाज होता. तो चुकला. सांप्रत ते एका विधी महाविद्यालयात आठवड्यातून दोन दिवस विमानविषयक कायदा शिकवितात. या वयात नवी पाटी कशाला, असे मी विचारले असता त्यांनी मला जॉन कॉब कूपर या अमेरिकन गृहस्थांची हकिकत सांगितली. कूपर हेही मूळचे वकील. पुढे ते पॅन अमेरिकन या विमान कंपनीत मोठ्या अधिकारपदावर गेले आणि 1944 साली शिकागो येथे जी आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीची परिषद भरली, तीतही त्यांचा सहभाग होता. कॅनडातील माँट्रियल येथे मॅक्‌गिल विद्यापीठाने 1951 साली हवाई कायद्याची संस्था काढली, तेव्हा तिचे पहिले संचालक हेच कूपर. त्या वेळी त्यांनी साठी ओलांडलेली होती. “त्यांनी संस्था काढली, मी तर नुसता फळा पुसतो,” असे आमचे मित्र वर म्हणाले.

गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. मुलांना कोणी तपासनीस आला असे वाटले असावे. तास सुरू होताच त्यांनी प्रश्न टाकला, “तुम्ही ज्या विमानात बसता, ते कोणाचे?” एका मुलाने शेपटीवर जिचे नाव रंगविलेले असते त्या कंपनीचे नाव सांगितले. “रंग कंपनीचा. मी विमान विचारले.” वर्ग गप्प झाला. शिक्षक म्हणून सांगतो, अशी शांतता वर्गात उत्पन्न करणे सोपे नसते.

मग त्यांनी जे समजावून सांगितले, ते मला उमजले तसे आपणापुढे ठेवतो. आपल्याकडील विमानांवर ‘व्हीटी’ ही दोन अक्षरे असतात. त्यावरून विमान भारताच्या नोंदवहीतील आहे, म्हणजे त्याचे राष्ट्रीयत्व भारतीय आहे, इतकेच कळते. राष्ट्रीयत्वाचा हा नियम शिकागोच्या 1944 च्या करारातला. मालकी ही निराळी गोष्ट. आपल्या कंपन्यांची बहुतेक विमाने भाड्याची असतात आणि त्यांचे मालक पुष्कळदा दूर आयर्लंडमध्ये असतात. वैमानिकाच्या कक्षात आगीत न जळणारी एक लहानशी धातूची पट्टी बसविलेली असते. तीवर खऱ्या मालकाचे नाव कोरलेले असते. इंजिनावरही अशीच पट्टी असते, आणि कधी कधी तीवरचे नाव दुसऱ्याच मालकाचे असते! बैल एकाचा, गाडी दुसऱ्याची आणि हाकणारा तिसराच, असला हा प्रकार.

इतके धन आकाशात फिरत असता धनकोला झोप कशी यावी? त्यासाठी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे 2001 साली एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यान्वये आयर्लंडमधील डब्लिन येथे एक नोंदवही ठेविली आहे. विमानाच्या सांगाड्यावर कोणाचा हक्क, इंजिनावर कोणाचा, हे तीत वेगवेगळे नोंदविले जाते आणि ज्याची नोंद आधी, त्याचा हक्क वरचा. आपल्या सातबाऱ्याचे हे भावंड होय. मात्र येथे तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत. भारत या करारात 2008 साली सामील झाला. भाडेकरू कंपनी बुडाली तर दोन महिन्यांच्या मुदतीत थकबाकी भरावी, नाही तर विमान मालकाच्या स्वाधीन करावे, हेही आपण मान्य केले. परंतु वचन दिले तरी ते पाळण्याचा कायदा संसदेने केला नाही. त्यामुळे काय झाले, ते 2023 साली दिसले.

2 मे 2023 रोजी गो फर्स्ट या कंपनीने आपण होऊन दिवाळखोरीचा अर्ज केला. 10 मे रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तो स्वीकारला आणि दिवाळखोरीच्या कायद्याप्रमाणे कंपनीच्या ताब्यातील कोणतीही वस्तू कोणी हलवू नये, अशी मनाई लागू झाली. मालक कागद घेऊन दारात उभे, आणि चोपन्न विमाने धावपट्टीच्या कडेला ऊन-पाऊस खात उभी. ऑक्टोबर 2023 मध्ये सरकारने विमाने व इंजिने त्या मनाईतून वगळली. तरीही तंटा चालूच राहिला आणि एप्रिल 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिल्यावर विमाने मोकळी झाली. जानेवारी 2025 मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला, आणि त्याच वर्षी केप टाउनच्या करारास बळ देणारा कायदा संसदेने मंजूर केला. मालकाला भय वाटले की तो भाडे वाढवितो आणि ते भाडे शेवटी तिकिटात येते. म्हणून हा कायदा हवाच होता, असे सत्कारमूर्तींचे मत आहे.

इतक्यात पहिल्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, मालकाला विमान मिळाले, वैमानिकाच्या थकलेल्या पगाराचे काय?” सत्कारमूर्ती क्षणभर थांबले. कंपनी बुडाल्यावर कोणाचे देणे आधी फेडावयाचे याचा क्रम कायद्यात आहे, नोकरांच्या पगारालाही त्यात जागा आहे, असे त्यांनी सांगितले. “पण वाटणी होते ती कंपनीच्या मालमत्तेची, आणि विमाने तर कंपनीची नव्हतीच,” असे म्हणून ते पुन्हा फळ्याकडे वळले. जेट एअरवेजची उड्डाणे 17 एप्रिल 2019 रोजी थांबली, तेव्हाही नोकरवर्गाचे पगार थकलेलेच होते. गणवेश घालून टापटिपीने उभी असलेली ती मुले-माणसे मला वर्तमानपत्रांतील छायाचित्रांवरून आठवली.

आता जामिनाची गोष्ट. माझ्या भाच्याला वैमानिक व्हावयाचे होते. व्यावसायिक परवान्यास दोनशे तासांचे उड्डाण लागते. खर्च अर्ध्या कोटीच्या घरात. मेहुण्यांनी राहते घर बँकेकडे गहाण टाकले आणि जामीनदार म्हणून मी सही केली. कागद किती पानांचा होता, हे आजही मला सांगता येणार नाही. चाळीस वर्षे मुलांना मी सांगत आलो की, उत्तरपत्रिका देण्यापूर्वी पुन्हा वाचा. प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेने दोन हप्ते उचलले. विमान दुरुस्तीत आहे, शिक्षक रजेवर आहेत, हवा ठीक नाही, अशी कारणे ऐकता ऐकता दोन वर्षे लोटली. मुलाच्या उड्डाणवहीत एकसष्ट तास होते आणि बँक तिसरा हप्ता संस्थेला धाडावयास निघाली होती.

मी कागद घेऊन मुंबईस गेलो. सत्कारमूर्तींनी चष्मा लावला आणि दीड तास ते एक शब्द बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “मास्तर, तू हे वाचलेसच नाहीस.” बँकेच्या मंजुरीपत्रात नवव्या पानावर अट होती की, पुढचा हप्ता उड्डाणाचे ठरलेले तास पूर्ण झाल्याचा दाखला पाहूनच द्यावा. दाखला कोणी मागितला नव्हता, कोणी दिलाही नव्हता. त्यांनी मजकडून माझ्याच अक्षरात, माझ्याच मराठीत बँकेला पत्र लिहवून घेतले. तिसरा हप्ता थांबला. पहिले दोन हप्ते मात्र गेले ते गेलेच, कारण संस्थेशी केलेल्या करारात परताव्याचे कलमच नव्हते. भाचा दुसरीकडे उरलेले तास पुरे करीत आहे. घर अजून गहाण आहे. बहिणीने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

त्या दिवशी मी त्यांना विचारले की, तुझ्या नजरेस नववे पान पडले ते वकिलीमुळे काय? ते म्हणाले, “नाही, विमानामुळे.” हजारो तास उडालेला वैमानिकसुद्धा निघण्यापूर्वी तपासणीची यादी हातात घेऊन वाचतो; तोंडपाठ असली तरी वाचतो, कारण पाठ आहे असे वाटते तेथेच ओळ गळते. वकिलीत तीस वर्षे काढूनही ही सवय पक्की झाली ती रविवारच्या सकाळी, असे त्यांनी कबूल केले.

आपले मंडळ दरवर्षी होतकरू मुलांस शिक्षणनिधीतून साहाय्य देते. यंदाच्या अर्जांत वैमानिक प्रशिक्षणाचे तीन अर्ज आहेत, असे कार्यवाह मला म्हणाले. माझी कार्यकारिणीस सूचना आहे की, संस्थेचा करार व बँकेचे मंजुरीपत्र दोन्ही वाचून झाल्याखेरीज निधीतून एक रुपयाही देऊ नये. वाचावयाचे कोणी, हा प्रश्न मी कालच सोडवून ठेविला आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते बारा सत्कारमूर्ती मंडळाच्या कार्यालयात बसतील. मोबदला काही नाही, चहा कार्यालयाचा. येताना मूळ कागद आणावेत, मोबाइलवरची छायाचित्रे आणू नयेत, कारण मागची पाने त्यात नसतात. सही करण्यापूर्वी यावे. सही करून आलात तरी ते परत पाठविणार नाहीत. परंतु ते चष्मा काढून ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी पाहिलेली आहे.

अध्यक्षमहोदयांनी आता सत्कारमूर्तींस शाल व श्रीफळ अर्पण करावे, अशी मी त्यांस विनंती करतो.