पेनड्राइव्ह लावला, पुढे काय?



शिष्यवृत्तीचे कागद, दाखले, गुणपत्रिका आता एका पेनड्राइव्हवर मावतात. अर्जाची शेवटची तारीख आली असावी, तो लिनक्सच्या संगणकाला लावावा आणि पडद्यावर काहीच उमटू नये, असे झाले म्हणजे मूल घाबरते व आपण दुरुस्तीवाला शोधू लागतो. पुष्कळदा त्याची गरज नसते. पडेगावच्या कोणत्याही दहावीच्या मुलीला वा मुलाला हा दोष स्वतः शोधता येईल.

यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ साली आली. ती घडविणाऱ्या इंटेलच्या मंडळींतील अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. बडोदे आपल्याला काही परके नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

आता मूळ मुद्दा. पेनड्राइव्ह ओळखणे आणि उघडून देणे ही दोन निराळी कामे आहेत. तो लावताच लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, त्याची नोंद घेतो, त्याला 'एसडीबी'सारखे नाव देतो आणि वर्दी पाठवितो. ती वर्दी यूडेव्ह हा कारभारी घेतो व आपल्याजवळच्या नियमांप्रमाणे पुढची व्यवस्था लावतो. त्यानंतर डेस्कटॉपने सांगितले तरच यूडिस्क्स ही सेवा तो 'माउंट' करते, म्हणजे आतल्या फायली आपल्यापुढे मांडते. साखळीची ही शेवटची कडी निसटली की आपण पेनड्राइव्हलाच दोष देतो.

तेव्हा प्रथम टर्मिनल उघडून एल-एस-बी-एल-के ही आज्ञा द्या. यादीत पेनड्राइव्ह दिसला तर ओळख पटलेली आहे, फक्त माउंट राहिले. दिसला नाही तर दुसऱ्या खाचेत लावून पाहा.

जुन्या संगणकांवर बहुधा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घालतात. त्याच्या सेटिंग्जमध्ये 'रिमूव्हेबल ड्राइव्हज अँड मीडिया' असा भाग आहे. तेथे पेनड्राइव्ह लावताच माउंट करण्याच्या पर्यायावर खूण करा. मात्र आतला प्रोग्रॅम आपोआप चालविण्याच्या पर्यायावर खूण असेल तर ती काढा. दहा ठिकाणी फिरून आलेल्या पेनड्राइव्हला शाळेच्या संगणकात एवढी मोकळीक देणे मला मुळीच पसंत नाही.

डेस्कटॉपच नसेल तर यूडेव्हचा नियम स्वतः लिहावा लागतो. पण त्या नियमात थेट माउंटची आज्ञा घालू नका. यूडेव्ह आपल्या वेगळ्या कप्प्यात काम करतो आणि तेथे झालेले माउंट बाहेर दिसत नाही. नियमातून सिस्टमडीची एखादी सेवा सुरू करावी व माउंट तिच्याकडून करून घ्यावे.

लिनक्सचे मराठी आवाजातील पाठ मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने फुकट उपलब्ध केले आहेत. घरी संगणक नसला तरी ते मोबाइलवर ऐकता येतात.

आणि पालकहो, मुलांना पेनड्राइव्ह ओढून काढू देऊ नका. कॉपीची पट्टी संपली तरी मजकूर काही काळ संगणकाच्या स्मृतीतच असू शकतो. 'इजेक्ट' दाबावे, काढण्यास हरकत नाही असा निरोप येईपर्यंत थांबावे, मगच हात लावावा.