शिडाच्या जहाजावर जाताना



विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हे गृहस्थ आता समुद्रमंथनापासून सुरुवात करणार. तसे काही नाही. माझ्या भाच्याचे पत्र आले, त्यातून हा विषय निघाला. भाचा नॉर्वेत नोकरीला आहे. तेथे बर्गेन बंदरात ‘स्टाट्सराड लेमकुल’ नावाचे शिडाचे जहाज आहे. 1914 साली जर्मनीत बांधलेले, तीन डोलकाठ्यांचे, 22 शिडांचे, लांबी 98 मीटर. पैसे भरले की सामान्य माणसालाही त्यावर जाता येते. आपल्या गोव्यात बांधलेली ‘तरंगिणी’ याच जातीची, आणि 2003-04 मध्ये ती पृथ्वीप्रदक्षिणाही करून आली. पण ती पडली नौदलाची, तिच्यावर तुम्हाआम्हांला कोण घेणार!

भाच्याने विचारले होते, “मामा, बर्गेनहून शेटलंड बेटांकडे चाललो आहे, बरोबर काय काय घेऊ?” आणि शेवटी सहज लिहिले होते, “सोमवारी सकाळी कचेरीत हजर व्हायचे आहे.” त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. न विचारलेल्याने मात्र माझी झोप उडवली.

आधी सोपे तेवढे उरकतो. टणक पेटी नको, कापडी पिशवी न्यावी, कारण तेथे खोली नसते. एका मोठ्या दालनात दीडशेपर्यंत माणसे टांगलेल्या झोळ्यांत निजतात. पेटी ठेवायची कोठे? कपडे लोकरीचे असावेत; सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतो. चपला नकोत, न घसरणारे बंद बूट हवेत. चष्म्याला दोरी बांधावी. बोटातली अंगठी घरी ठेवावी, कारण दोर ओढताना ती अडकली तर बोटावरच येते. बोट लागण्यावरची गोळी मळमळू लागल्यावर घेऊन उपयोग नाही, ती आधी घ्यायची. तरीही बोट लागलीच, तर खाली झोळीत तोंड लपवून पडू नये. वर मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावे. आणि छातीचे किंवा रक्तदाबाचे दुखणे असेल तर ते लपवू नये. पाण्यात डॉक्टरच्या दवाखान्याची पाटी नसते!

येथे प्रवासी म्हणजे आरामखुर्चीत बसलेला पाहुणा नव्हे. त्याला पाळी येते: चार तास काम, आठ तास विश्रांती, मग पुन्हा काम, मध्यरात्र असो की पहाट. सुकाणू धरायचे, टेहळणी करायची, कोठे आग लागली नाही ना हे पाहत फिरायचे. डोलकाठीवर चढण्याची सक्ती मात्र नाही. चढायचेच असेल तर कमरेचा सुरक्षापट्टा बांधूनच. एक हात जहाजासाठी आणि एक हात स्वतःसाठी, असे खलाशी सांगतात.

आता त्या सोमवारकडे येऊ. शेटलंड बेटे बर्गेनच्या पश्चिमेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर आहेत, आणि त्या समुद्रावर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडूनच येतो. म्हणजे समोरून. आडव्या काठ्यांवर चौकोनी शिडे असलेले जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. साधारण साठ अंश बाजूला वळून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, नागमोडी जावे लागते. शाळेतले भूमिती आठवा: साठ अंशांच्या तिरक्या वाटेने गेले की अंतर दुप्पट होते. आजच्या जहाजांना इंजिन असते, हे खरे. पण खवळलेल्या समुद्रावर निघायचे की थांबायचे, हे इंजिनाने ठरत नाही.

यावरून ‘बाउंटी’ची गोष्ट आठवते. 1960 साली एका चित्रपटासाठी बांधलेले हे लाकडी जहाज 25 ऑक्टोबर 2012 रोजी अमेरिकेतील न्यू लंडनहून फ्लॉरिडाकडे निघाले. ‘सँडी’ वादळ येत असल्याचे सर्वांना ठाऊक होते. जहाज बंदरापेक्षा समुद्रातच सुरक्षित, असे कप्तानाचे म्हणणे होते. 29 तारखेला हॅटरस भूशिराजवळच्या समुद्रात जहाज बुडाले. जहाजावर सोळा माणसे होती. तटरक्षकांच्या हेलिकॉप्टरांनी चौदांना वाचवले. एक खलाशी स्त्री गेली आणि कप्तान सापडलाच नाही. चौकशीत ठपका आला तो कप्तानाच्या निघण्याच्या निर्णयावर. जहाज जुने होते, पाणी आत येत होते, पंप कमी पडले, हे सारे खरेच. पण निघालेच नसते तर?

आमच्या कोकणात हा निर्णय एकट्या तांडेलावर सोडलेला नव्हता. आषाढ-श्रावणात गलबते किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून ठेवत. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर पाणी मोकळे. पडावातून मुंबईला जाणारा माणूस शिधा बांधताना चार दिवसांचा जास्त बांधी, कारण वारा पडला तर एखाद्या खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून बसावे लागेल, हे त्याला माहीत असे. घरचे लोकही अमुक वारी पत्र यावे म्हणून अडून बसत नसत.

म्हणून मी भाच्याला लिहिले: “लोकरीचे मोजे घे, नाही घेतलेस तरी चालेल. पण निघण्याआधी विचार, हवा बिघडली तर थांबायचे कोण ठरवतो, आणि प्रवास रद्द झाला तर पैसे परत मिळतात का? ज्याला सोमवार गाठायचा आहे असा प्रवासी कप्तानाच्या कानाशी कुरकुर करतो. अशी पन्नास माणसे कुरकुरू लागली तर कप्तानही माणूसच आहे.”

भाच्याला हे पत्र आवडले नाही. “मामा, हे काही तुमचे पडाव नाहीत,” असे त्याने उलट टपाली कळवले. मग चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी दोन ओळी आल्या: कचेरीने आणखी तीन दिवसांची रजा दिली आहे, बिनपगारी. आणि मोजे कितीचे घ्यावेत?